अकरा आणि बाराच्या मधली पट्टी

१

दर रविवारी दुपारी तीन वाजता ऑपरेटरच्या घरी खेळ सुरू होई, आणि तीन म्हणजे तीन. दोन मिनिटं उशीर झाला तर प्रेक्षक खुर्च्या फोडतात, असं त्याचं ठाम मत होतं. आता प्रेक्षक म्हणजे एकटी बायको, आणि खुर्च्या तिनेच दहा दुकानं फिरून आणलेल्या. ती त्या कशाला फोडेल? पण तीस वर्षं चित्रपटगृहात मशीन चालवलेल्या माणसाला कोण समजावणार! चित्रपटगृह बंद पडलं, तिथे कपड्यांचं दुकान आलं, तरी गल्लीत सगळे त्याला ऑपरेटरच म्हणत. बायको एरवी 'अहो' म्हणे, पण चिडली की तीही 'ओ ऑपरेटर' म्हणे.

वरच्या छोट्या खोलीत कॉम्प्युटर होता. त्या खोलीचं नाव केबिन. खालच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही आणि पाच स्पीकरचं होम थिएटर, आणि दोन्हींच्या मध्ये भिंतीतून नेलेली वायर. केबिनच्या भिंतीला त्याने हातभर रुंद खिडकीही पाडून घेतली होती, वरून हॉल दिसायला. घर बांधणारा गवंडी म्हणाला होता, "काका, ह्या खिडकीतून ना वारा येणार ना उजेड." ऑपरेटर म्हणाला, "खेळ दिसेल."

सगळी जोडणी लेकीने करून दिली होती. ती दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवायची. "बाबा, इंटरनेट पण घेऊन टाका ना," ती म्हणाली, तर ह्याने साफ नकार दिला. खेळ घरचा, मशीन घरचं, प्रेक्षक घरचे. बाहेरच्याने यात नाक खुपसायचं काय काम? त्यामुळे त्या वायरीचा बाहेरच्या जगाशी काडीचाही संबंध नव्हता. अख्खा हिवाळा खपून त्याने घरातल्या एक्केचाळीस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या, नंबर देऊन ओळीने लावल्या आणि मूळ कॅसेटी भंगारात देऊन टाकल्या. बायको खालून नंबर सांगायची, हा वरून लावायचा.

अकरा नंबर मात्र ती कधी सांगत नसे. अकराला बुरशी लागली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

२

त्या रविवारी तेवीस नंबर लागला होता. लेकीच्या शाळेतलं नाटक. ती त्यात झाड झाली होती, आणि ऐन प्रसंगी झाडाला शिंक आली होती. खाली बायको पोट धरून हसत होती. हा प्रसंग तिने शंभरदा पाहिला असेल, पण शिंक आली की हसू ठरलेलं. ऑपरेटरही वर हसला, आणि हसता हसता त्याचं लक्ष कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडे गेलं.

तिथे नेहमी बारीक अक्षरांत लिहिलेलं असे: एका ठिकाणी चालू. आज लिहिलं होतं: दोन ठिकाणी चालू.

त्याने चष्मा पुसला. दोनच. घरात टीव्ही एक. शेजाऱ्यांकडे वायर जात नाही. त्याने लेकीला फोन लावला.

"जुनी पेटी आहे बाबा," ती म्हणाली, "स्वतःलाच दोनदा मोजत असेल. बंद करून चालू करा."

"मधेच? खेळ चालू असताना? प्रेक्षक काय म्हणतील?"

"प्रेक्षक तुम्हाला तीस वर्षांपूर्वीच ओळखून बसलाय. करा."

खेळ संपल्यावर त्याने बंद करून चालू केलं. टीव्ही तर बंदच होता, तरी कोपऱ्यात दिसलं: एका ठिकाणी चालू. त्याने त्यावर टिचकी मारली. ठिकाणाच्या नावाची जागा कोरी होती. खाली नंबर होता अकरा, आणि पुढे वेळ: चार सेकंद. मग शून्य. मग पुन्हा चार सेकंद. कोणीतरी अकरा नंबरचे पहिले चार सेकंद पाहत होतं, मागे नेत होतं आणि परत पाहत होतं.

ऑपरेटरच्या हातातला चहा गार झाला, तरी तो प्यायचं विसरला.

३

अकराला बुरशी कधी लागलीच नव्हती.

छत्तीस वर्षांपूर्वी, लग्न नवं असताना, त्याने स्टुडिओवाल्या मित्राचा खांद्यावर ठेवायचा कॅमेरा एका दिवसासाठी आणला होता. त्या दिवशी बायकोची धाकटी बहीण राहायला आली होती. धाकटी म्हणजे घरभर वारं. तिने डोक्याला टॉवेल गुंडाळून सगळ्या नातेवाइकांच्या नकला केल्या, अगदी ऑपरेटरच्या सासऱ्यांच्या खोकल्यासकट, आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे वीस मिनिटं, हा ते टिपत राहिला. पाच महिन्यांनी साधा ताप आला नि धाकटी गेली. बावीस वर्षांची होती.

आता चित्रपटगृहातली पद्धत अशी, की संपलेलं रीळ शेवटावरच ठेवतात. दुसऱ्या खेळाच्या आधी उलटं गुंडाळून सुरुवातीला आणतात. गुंडाळलेलं दिसलं की ते लावायला तयार. ऑपरेटरने घरातही तोच कायदा लावला होता: शेवटावर असलेली कॅसेट भरलेली, सुरुवातीला असलेली कोरी. पण बायको पडली नीटनेटकी. बहिणीची कॅसेट पाहून झाली की ती डोळे पुसायची, कॅसेट गुंडाळून सुरुवातीला आणायची आणि खोक्यात ठेवायची. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही कायदा कधी बोलून दाखवला नव्हता.

मग टीव्हीवर क्रिकेटचा अंतिम सामना आला. ह्याने घाईत कोरी म्हणून हाताला लागली ती कॅसेट घातली. रेकॉर्डचं बटण दाबायला उशीर झाला तेवढे चार सेकंद वाचले: बांगड्या घातलेला एक हात मध्ये येतो, "भावजी, इकडे..." असं ऐकू येतं, आणि मग मैदान, टाळ्या, तीन तास मॅच.

ते त्याला आठवडाभराने कळलं. खरं सांगितलं असतं तर बायकोने त्याला माफ केलं असतं, याची त्याला खात्री होती. पण 'मी गुंडाळली म्हणून गेली' हे तिने स्वतःला कधी माफ केलं नसतं. म्हणून बुरशी, आणि कॅसेट कुलपात. त्यानंतर नऊ वर्षं त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही. बारावी कॅसेट थेट लेक सायकल शिकली तेव्हाची.

४

बुधवारी बायको वाचनालयात गेल्यावर त्याने केबिनचं दार लावलं आणि अकरा नंबर लावला. बांगड्यांचा हात आला. "भावजी, इकडे बघा, हा तुमचा सासरा!" आणि मग मैदान.

अकरा सेकंद. चार नव्हे, अकरा.

शुक्रवारी चाळीस झाले. खोकल्याची नक्कल पूर्ण आली. पुढच्या आठवड्यात सामन्याचं पहिलं षटकच नाहीसं झालं. त्या षटकात बाद झालेल्या फलंदाजाला आता बाद व्हायला जागाच उरली नव्हती. ऑपरेटर मोजूनमापून चालणारा माणूस. त्याने वायर काढून पाहिली. पेटीचं बटण बंद करून दोन दिवस तशीच ठेवली. फाइल वेगळ्या डिस्कवर उतरवली आणि डिस्क कपड्यांच्या कपाटात मोज्यांखाली ठेवली. तीही वाढली, मोज्यांखाली. कोपऱ्यातली ती कोरी जागा अकरा नंबर पाहत होती, आणि ती जेवढं पाही तेवढी धाकटी पुढे सरके नि मॅच मागे हटे.

माणसाने अशा वेळी घाबरावं. तोही घाबरला, नाही असं नाही. जिना उतरताना तो आता कठडा धरून उतरायचा. पण खरं सांगायचं तर त्याला भीतीहून आनंद जास्त झाला होता. छत्तीस वर्षांचा काटा आपोआप निघत होता. वीस मिनिटं पूर्ण होऊ देत, मग बायकोला दाखवू, म्हणू की बुरशी निघाली, असा बेत त्याने मनात पक्का केला.

पण बायकोच ती. तिच्यापासून बेत लपवणं म्हणजे मांजरापासून दूध लपवणं.

५

"कोण हसतंय वर?"

ती जिन्यात उभी होती, हातात वाचनालयाचं पुस्तक. ऑपरेटरच्या बोटाला बटण सापडेना. बायको आत आली आणि कॉम्प्युटरसमोर तशीच उभी राहिली. धाकटी टॉवेल सावरत होती.

विसावं मिनिट संपेपर्यंत दोघं पडद्याकडेच पाहत राहिले. ऑपरेटरला हुंदका आवरेना. "बुरशी नव्हती गं," तो म्हणाला, "मी..."

"मॅच घेतली होतीत तुम्ही तिच्यावर," बायको म्हणाली. पडद्यावरची नजर तिने काढली नव्हती. "बुरशी लागलेली कॅसेट कोणी कुलपात ठेवतं का? मी तेव्हाच लावून पाहिली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"कॅसेट गुंडाळली कोणी होती? मीच. तुम्हाला ते कळलं असतं, तर तुम्ही मला कधी बोलला नसता, पण कळलं असतं ना." तिने नाक ओढलं. "म्हटलं, असू दे. बुरशीच बरी."

छत्तीस वर्षं दोघांनी एकमेकांना एकाच गोष्टीपासून वाचवलं होतं. ऑपरेटर आधी रडला, मग हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की धाकटी अजून चालूच आहे. एकविसावं मिनिट. बॅटरी विसाव्याला संपली होती. त्यापुढचं त्याने टिपलंच नव्हतं.

पडद्यावर धाकटीने टॉवेल काढून ठेवला. खुर्चीत बसली, केस मोकळे केले, वेणी घालायला लागली. नकला नाहीत, काही नाही. मध्येच तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "ताई आली का?"

"आले गं," बायको म्हणाली. तिच्या तोंडून ते आपसूक गेलं.

"ये. वेळ आहे ना?" धाकटी म्हणाली आणि पुन्हा वेणी घालू लागली.

६

मग दर रविवारी अकराच. बायको दहा वर्षांनी लहान झाली. सकाळपासून गुणगुणायची, तीनच्या आधी खुर्चीत येऊन बसायची आणि पडद्याशी गप्पा मारायची. उत्तरं येत असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. येत नाहीत असंही म्हणता येत नव्हतं. "इतकी वर्षं होतीस कुठे गं?" बायकोने एकदा विचारलं, आणि जरा वेळाने धाकटी वेणीचं टोक चावत म्हणाली, "कुठे जाणार? इथेच होते. वर केवढा गोंगाट!" ऑपरेटर वरच्या खिडकीतून हे पाहायचा. बायकोचं हसू पाहिलं की बाकीचे विचार त्याला नकोसे व्हायचे.

सामन्याचे तीन तास सात आठवड्यांत संपले. शेवटचा चेंडू गेला, बक्षीस समारंभ गेला.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी लेकीचा फोन आला. ती हसत होती, पण हसण्यात दम नव्हता. "आई, आज जाम फजिती झाली. शाळेतून निघाले, सायकलवर टांग टाकली, आणि धाडकन खाली! दहावीचा अख्खा वर्ग बघतोय. उठले, परत बसले, परत आडवी. मला जमतच नाहीये. तोल कसा धरायचा, पाय कधी उचलायचा, काही म्हणजे काही आठवत नाही. पंचवीस वर्षं चालवतेय ना मी? मला शिकवली कोणी होती गं? तेही आठवेना."

"बाबांनी," बायको म्हणाली आणि तिने ऑपरेटरकडे पाहिलं.

दोघं केबिनमध्ये गेले. बारा नंबर लावला. तीच गल्ली, तेच ऊन, सात वर्षांची लेक लाल सायकलवर, हँडल डगमगतंय. ते ऑपरेटरने टिपलं होतं तेव्हा सायकल कोणी धरली नव्हती. त्यामुळेच तर ती पडली नि त्यातूनच शिकली. आता मागचं कॅरिअर धरून धाकटी पळत होती. लेक जन्मायच्या दोन वर्षं आधी गेलेली धाकटी. सायकल पुढे जात होती, पण तिची नजर सायकलकडे नव्हती. पळता पळता ती मान वळवून सारखी कॅमेऱ्यात पाहत होती. मग सायकल कडेला निघून गेली आणि गल्लीत ती एकटीच उरली. ती थांबून तशीच बघत राहिली.

बायकोने बटण दाबलं.

कॅमेऱ्यामागे असलेल्या ऑपरेटरला तो दिवस लख्ख आठवत होता. जी समोर होती, तिचा गेला होता. आणि तेरा नंबरवर लेक एकोणिसाचा पाढा म्हणत होती. गणिताच्या बाईंचा पाढा.

७

"पुसून टाकू का?" ऑपरेटरने विचारलं.

"दुसऱ्यांदा?" बायको म्हणाली. "नाही. ती काही वाईट नाही हो. तिला जागा हवीये, एवढंच. बावीस वर्षांत तिचं आटोपलं, तिला पुढचं हवंय. पण माझ्या पोरीचं नाही."

तेव्हा ऑपरेटरला धंदा आठवला. दोन रिळांच्या मध्ये कोरी पट्टी जोडतात, म्हणजे एकाचा शेवट दुसऱ्याच्या तोंडात घुसत नाही. त्याने घरचा कॅमेरा हॉलमध्ये आणून भिंतीतल्या वायरीने थेट कॉम्प्युटरला जोडला, हॉलच्या भिंतीचं तीन तास चित्रण केलं आणि अकरा आणि बाराच्या मध्ये लावून दिलं. मोठ्या ऐटीत बायकोला म्हणाला, "बघ, तीस वर्षं झक नाही मारली."

चहा होईपर्यंत भिंत संपलेली होती, आणि बारा नंबर आणखी नऊ सेकंद गेला होता.

"भिंतीत काय आहे खायला?" बायको म्हणाली. तिने हात पुसून स्वयंपाकघरातला टॉवेल खुंटीला अडकवला आणि तिची ती दहा दुकानं फिरून आणलेली खुर्ची उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवली. मग दुसरी. "बसा."

"अगं, समोर बसेल त्याचं जातं."

"म्हणून तर. आपल्याकडे भरपूर आहे. लेकीकडे अजून कमी आहे."

ऑपरेटर आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या पुढे बसला. हात कुठे ठेवावेत ते कळेना. बायकोने ते बघून त्याचा एक हात आपल्या मांडीवर घेतला.

"काय बोलायचं?"

"जे गेलं तरी चालेल असं काहीतरी बोला."

हे वाटलं त्याहून अवघड निघालं. त्याने चित्रपटगृहाच्या मालकाला शिव्या घालून सुरुवात केली. तो मालक आठवणीतून गेला असता तर ह्याने पेढेच वाटले असते. मग बायकोने नळ गळायचा तो उन्हाळा काढला. मग भिंतीच्या रंगावरून झालेलं भांडण, ज्यात दोघंही आपलंच खरं होतं म्हणाले आणि पुन्हा थोडं भांडले. दुपार छान चालली होती. इतक्या निवांत गप्पा त्यांनी कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या. मध्येच एखादं वाक्य अर्ध्यावर सुटे, "मी काय सांगत होते?" असं होई, आणि दुसरा "जाऊ दे" म्हणून नवी गोष्ट काढी.

आता कोणती काढावी असा विचार करताना ऑपरेटरला बुरशी आठवली. ते खोटं गेलं तर बरंच, छातीवरचा धोंडा जाईल. त्याने ती गोष्ट मीठमसाला लावून सांगितली. कुलूपबंद कॅसेट, तिचं चोरून पाहणं, ह्याचं चोरून लपवणं, दोघंही छत्तीस वर्षं एकमेकांसमोर हवेला शिव्या देतायत, "काय ही दमट हवा!" म्हणून. बायको हसून हसून मागे रेलली, डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते तळहाताने पुसलं.

"पण मला सांगा," ती म्हणाली, "त्या कॅसेटवर होतं तरी कोण?"

ती चेष्टा करत नव्हती. तिचा चेहरा अगदी मोकळा होता, लहान मुलासारखा उत्सुक.

ऑपरेटर हसतच सांगायला लागला. नाव ओठांवर होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मैदान दिसलं त्याला, हिरवंगार, आणि टाळ्या ऐकू आल्या.

"मॅच होती बहुतेक," तो म्हणाला. "कुठली तरी फायनल."

"अय्या, मग त्यात लपवायचं काय एवढं?" बायको म्हणाली, आणि दोघंही पुन्हा खो खो हसले.

समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. पट्टीच्या तीन तासांपैकी अजून सव्वादोन तास भरायचे होते. ऑपरेटरने बायकोचा हात घट्ट धरला आणि पुढची गोष्ट काढली.